तोफ आली, गोळा कुठाय?

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि वृत्तपत्रांचे मा. संपादक, तसेच रात्री नऊच्या चर्चेचे निवेदक बंधू-भगिनी यांस,



पत्रास कारण की, २०२५ च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी चार दिवसांचा संघर्ष पेटला तेव्हा, आपल्यातल्या एका वाहिनीने मला मेजर केलं.

मी तोफखान्यातला सुभेदार. १९८९ साली भरती झालो, २०१९ साली घरी आलो. चर्चेला बोलावलेले कर्नलसाहेब ऐन वेळी मिळाले नाहीत, कुणीतरी माझा नंबर दिला, आणि कोरेगाव तालुक्यातल्या गावच्या घरात तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून मी आपल्या पडद्यावर आलो. नावाखाली पट्टी होती, ‘मेजर (निवृत्त), संरक्षणतज्ज्ञ’. तीस वर्षांत लष्कराला जे जमलं नाही ते आपण अर्ध्या मिनिटात केलंत. निवेदकांनी विचारलं, “मेजरसाहेब, कराची किती तासांत पडेल?” मी म्हणालो, कराचीचं मला ठाऊक नाही, पण पूंछवर जे तोफगोळे पडतायत त्याबद्दल बोलू या. कानात कुणीतरी म्हणालं, “सर, जरा एनर्जी वाढवा.” मी ती वाढवायच्या आत लोखंडी सळयांची जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा पडद्यावर मी नव्हतो.

त्याचा राग नाही. डबा परत फडताळात गेला. राग आहे तो आदल्या रात्रीचा, ८ मेच्या रात्रीचा.

माझा पुतण्या त्या वेळी नियंत्रण रेषेजवळ, पूंछच्या बाजूला होता. तोही तोफखान्यातच. तीन दिवस त्याचा फोन बंद होता. वहिनी टीव्हीसमोर बसून होती. तिच्या मोबाइलचं चार्जिंग उतरत आलेलं, पण तो चार्जिंगला लावून लांब ठेवायची तिची तयारी नव्हती. वायर ताणून ती भिंतीला पाठ लावून बसली होती. पडद्यावर भोंगा वाजत होता. हवाई हल्ल्याचा खरा भोंगा, दर दोन मिनिटांनी, बातमीला फोडणी म्हणून. कराची बंदर बेचिराख. इस्लामाबाद ताब्यात. त्यांचे लष्करप्रमुख अटकेत. हिंदी आणि इंग्रजी वाहिन्यांवरून निघालेल्या या गोष्टी मराठी पडद्यावरही उतरल्या. वहिनीने माझ्याकडे वळून विचारलं, “भाऊजी, कराची घेतली म्हणतायत. मग आता पोरं घरी येतील ना?”

मी काय सांगणार होतो? तीस वर्षं नोकरी करून या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण प्रश्नातली पहिली गोष्टच खोटी होती. मी टीव्ही बंद केला. तिने तो पाच मिनिटांनी पुन्हा लावला. आईच ती.

सकाळपर्यंत कराची जिथल्या तिथे होतं. रात्रीच्या त्या बातम्यांचं काय झालं हे फारसं कुणी सांगितलं नाही, एखाददुसरा अपवाद सोडला तर कुणी चूक कबूल केली नाही. पट्टी बदलली, एवढंच. १० मे रोजी गृहखात्याच्या नागरी संरक्षण विभागाला वाहिन्यांसाठी सूचना काढावी लागली की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक उठणार नाहीत. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याला सरकारी परिपत्रकातून वाचावी लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

आता माझं म्हणणं मांडतो. थोडं लांबेल. जाहिरात मध्ये घेऊ नये ही विनंती.

त्या चार दिवसांत आपण ब्रह्मोस, राफेल, एस-४०० ही नावं इतक्या वेळा घेतलीत की आमच्या गल्लीतल्या चौथीतल्या मुलालाही ती पाठ झाली. ती अस्त्रं चांगलीच आहेत, त्यांनी कामही केलं. पण आपल्या बाजूचे जे नागरिक मेले त्यांतले बहुतेक ना क्षेपणास्त्राने मेले, ना विमानाने. पूंछ भागात डझनाहून अधिक माणसं गेली ती साध्या तोफगोळ्यांनी. ज्या गोळ्याची रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही, त्याने. आणि त्याला उत्तर दिलं तेही आपल्या तोफांनीच. तरी ‘गोळा’ हा शब्द मी त्या आठवड्यात आपल्या तोंडून जवळजवळ ऐकलाच नाही.

म्हणून गोळ्यापासून सुरुवात करतो. १५५ मिलिमीटरचा एक साधा गोळा साधारण ४३ किलोचा असतो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडा हलका, पण पोतं खांद्यावर बसतं, गोळा बसत नाही, तो घरंगळतो. त्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो. तो नळीच्या आतल्या खाचांना चावा घेतो, म्हणून गोळा गिरक्या घेत सरळ जातो. नाकावर फ्यूज पिळून बसवतात. ढकलणारी दारू गोळ्यात नसते, ती मागून वेगळी भरतात. किती लांब मारायचं त्यावर किती भरायची ते ठरतं. १९९९ साली द्रासला मी बोफोर्सवर नायक होतो. नळी इतकी तापायची की रंगाचे पापुद्रे सुटायचे. रात्री जेवताना समोरचा काय बोलतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं, कारण कान बधिर झालेले असायचे. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. अडीच लाख. त्यातला प्रत्येक गोळा कुणीतरी भट्टीत घडवला, कुणीतरी भरला, कुणीतरी ट्रकमधून उतरवला आणि कुणीतरी घाटातून वर चढवला. तोफ एकदा घ्यावी लागते, गोळा रोज लागतो.

आणि संपादक महोदय, हा गोळा कुठे होतो माहीत आहे? आपल्याच दारात. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत गोळ्यांची रिकामी कवचं घडतात, भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत ती भरली जातात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला तोफेची दारू आणि स्फोटकं तयार होतात. २०२१ च्या ऑक्टोबरात ४१ आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यातली दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे आणि कवचांची नागपुरात. नागपूर, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांच्या पट्ट्यात देशाच्या तोफखान्याची शिदोरी बांधली जाते, आणि तिथून आपली बातमी येते ती वाघाने माणूस मारला तर, नाहीतर कारखान्यात स्फोट झाला तर.

स्फोटाचंच घ्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला, आठ कामगार गेले. आपल्या गाड्या दुपारपर्यंत फाटकावर पोहोचल्या. छत कोसळल्याची दृश्यं, रडणारे नातेवाईक, नेत्यांची रांग. तिसऱ्या दिवशी गाड्या परतल्या. त्यानंतर चौकशीचं काय झालं, तो विभाग पुन्हा कधी सुरू झाला, तोवर त्या मालाचा पुरवठा कुठून झाला, हे आपल्यापैकी कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही. त्याआधी २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हाही हेच. २०१८ च्या नोव्हेंबरात पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यात रोजंदारीवर पेट्या उचलणारे गावकरीही होते. सैनिक मेला की आपण त्याला शहीद म्हणता, चौकात फलक लागतो. पेटी उचलणाऱ्याला आपण ‘मृतांमध्ये समावेश’ म्हणता. पेटी तीच असते.

युक्रेनचं युद्ध आपण सुरुवातीला फार दाखवलंत, मग ते जुनं झालं. त्या युद्धातली मला सगळ्यात मोठी वाटलेली बातमी आपल्याकडे जवळपास आलीच नाही. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की वर्षभरात युक्रेनला १० लाख तोफगोळे देऊ. वर्ष संपलं तेव्हा हिशेब निम्म्याच्या आसपास अडकला होता. पैसा होता, इच्छा होती, जगातले नावाजलेले कारखाने होते. युद्धाआधी अमेरिकेत महिन्याला १५५ मिलिमीटरचे साधारण १४ हजार गोळे होत. ते एक लाखावर नेण्याचा बेत केला तर यंत्रं, माणसं आणि दारू सगळंच अपुरं पडलं. कारण काय, तर गोळा ही गोष्ट दुकानातून आणता येत नाही.

यात एक गंमत आहे, ती विदर्भातल्या आपल्या वार्ताहरांनी तरी घ्यावी. तोफेच्या दारूत जो नायट्रोसेल्युलोज असतो तो कापसापासून होतो. सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिच्यापासून. युरोपातल्या कारखानदारांनी उघड सांगितलं की ही लव त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणात चीनमधून येते. म्हणजे रशियाशी लढायला लागणारी दारू चीनच्या कापसावर अवलंबून. यवतमाळच्या कापसाच्या बाजारात उभं राहून ही बातमी करता आली असती. कुणीतरी करावी. मी फुकट सुचवतोय.

आपल्या घरचा हिशेबही कागदावर आहे. जुलै २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. सप्टेंबर २०१६ ची स्थिती त्यात होती: दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नव्हता. उद्दिष्ट होतं चाळीस दिवसांचं. त्यानंतर तातडीच्या खरेद्या झाल्या, परिस्थिती सुधारली. पण अहवाल आला त्या आठवड्यात डोकलाममध्ये चीनसमोर आपलं सैन्य उभं होतं, आणि चर्चेचा विषय होता, ‘चीनला धडा शिकवायची वेळ आली आहे का?’ धडा शिकवायला खडू किती आहेत हे कुणी बघितलं नाही.

आता दुसरी तक्रार. ही शब्दांची आहे, पण शब्दांवर आपलं पोट आहे, म्हणून आपल्याला ती पटावी.

३ जुलै २०२५ ला संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या खरेदी परिषदेने सुमारे १ लाख ५ हजार कोटींच्या दहा प्रस्तावांना मान्यता दिली. संध्याकाळी मथळे आले: ‘एक लाख कोटींची शस्त्रखरेदी’, ‘सैन्याच्या ताफ्यात नवी अस्त्रं’. मला तीन जणांनी फोन करून अभिनंदन केलं, जणू खरेदी मीच केली होती. परिषदेने दिली होती ती ‘ॲक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी’. म्हणजे ‘होय, याची गरज आहे’ एवढी कबुली. आमच्याकडच्या भाषेत, मुलाचं लग्न करायचं घरात ठरलं. अजून मुलगी बघायची आहे. मग पत्रिका, मग देण्याघेण्याची बोलणी, मग सुपारी, मग बस्ता, मग हॉलची तारीख. खरेदीतही निविदा, तिला आलेली उत्तरं, थंडी-उन्हाळ्यातल्या चाचण्या, दरांच्या वाटाघाटी, मंत्रिमंडळ समितीची मंजुरी, मग करार, मग पहिला नमुना, मग माल. ठरलेल्या मुदतीत निविदा निघाली नाही तर ती पहिली मान्यता बादही होते. आणि आपण घरात विषय निघाल्याच्या संध्याकाळी ‘वरात निघाली’ छापता.

यात किती वेळ जातो त्याचं एकच उदाहरण देतो, कारण ते पुण्याचं आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने २०१३ च्या सुमारास नव्या ओढीच्या तोफेचं काम हाती घेतलं, जिला सगळे एटॅग्स म्हणतात. २०१७ साली पोखरणला तिने ४८ किलोमीटरपर्यंत गोळा फेकून दाखवला. २०२० मध्ये चाचणीत तिची नळी फुटली, माणसं जखमी झाली, पुन्हा तपासण्या. ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला तो २६ मार्च २०२५ ला. कामाला हात घातल्यापासून करारापर्यंत बारा वर्षं. या बारा वर्षांत ही तोफ आपल्या बातम्यांत किमान पाच वेळा ‘दाखल’ झाली. एकदा चाचणीला, एकदा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला, एकदा मंजुरीला, असं करत करत. करार झाला त्या दिवशी मात्र बातमी खालच्या पट्टीत होती. आपल्या दृष्टीने ती जुनी झालेली.

माझी यात मागणी साधी आहे. मंजुरी, करार, पहिली पोच आणि पलटणीत दाखल, हे चार शब्द वेगवेगळे वापरावेत. आणि प्रत्येक मंजुरीच्या बातमीबरोबर एक तारीख विचारून घ्यावी. शाळेत मास्तर विचारायचे ना, ‘गृहपाठ कधी दाखवणार?’ तेवढंच. ती तारीख डेस्कवरच्या वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी फोन करावा. अशी वही एखाद्या संपादकाने ठेवली असेल तर मला कळवावं, मी पेढे घेऊन येईन.

अशी वही असती तर फेब्रुवारी २०२१ चं पान त्यात सापडलं असतं. तेजस मार्क-१ए, ८३ विमानं, करार झाला, पोच २०२४ च्या सुरुवातीपासून. पुढे इंजिनावर घोडं अडलं. अमेरिकेतून त्या इंजिनांतलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ ने कायमचा निरोप घेतला. हवाई दलाच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना हाताशी २९ उरल्या. ओझरच्या विमान कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या मिगवर काम केलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या घरी त्या दिवशी सुतक असल्यासारखं होतं. आपण त्या दिवशी ‘उडत्या शवपेटीला निरोप’ म्हटलंत. असो. विमानातलं मला फार कळत नाही.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण तिच्यात आपल्या व्यवसायाची बाजू भक्कम आहे.

बोफोर्स. करार १९८६ चा, ४१० तोफा, १,४३७ कोटी. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली, पुढे आपल्या देशातल्या पत्रकारांनी कागदपत्रांसकट ती लावून धरली. ते काम उत्तम होतं. सैनिकाच्या नावावर कुणी दलाली खावी हे सैनिकाला आवडेल असं समजू नका. पण त्या प्रकरणानंतर देशात बोफोर्स हा शब्द घोटाळ्याचा झाला, आमच्याकडे मात्र ते चांगल्या तोफेचंच नाव राहिलं. कंपनीवर बंदी आली आणि सुट्या भागांची वाट बंद झाली. एका तोफेचा भाग काढून दुसरीला लावायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. बोफोर्सबरोबर आलेले आराखडे आयुध निर्माण्यांकडे पडून राहिले. त्यांवरून ‘धनुष’ तोफ करायचं सुचायला वीसहून अधिक वर्षं लागली. मग त्या धनुषला ‘जर्मन’ म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याचा गुन्हा सीबीआयला २०१७ मध्ये नोंदवावा लागला, तो भाग वेगळाच. बोफोर्सनंतर परदेशी तोफेचा पुढचा मोठा करार झाला नोव्हेंबर २०१६ मध्ये, १४५ हलक्या एम-७७७ तोफांचा. मधली तीस वर्षं निविदा निघत होत्या, रद्द होत होत्या, कंपन्या काळ्या यादीत जात होत्या. सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: उद्या आपलं नाव पेपरात.

९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीला एम-७७७ आणि के-९ वज्र समारंभाने तोफखान्यात आल्या. मी तिथे उन्हात उभा होतो. माझ्या शेजारी एक तरुण गनर होता, त्याचा जन्म बोफोर्सनंतरचा. मला म्हणाला, “साहेब, नवीन तोफ येते तेव्हा असा कार्यक्रम असतो का?” मी म्हणालो, “मलाही माहीत नाही रे, मी पण पहिल्यांदाच बघतोय.” माझ्या नोकरीची तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

आता मुंबईकडे या. हेलिकॉप्टर खरेदीच्या भ्रष्टाचाराचं प्रकरण आपण २०१३ पासून जोरात चालवलंत. चालवायलाच हवं होतं. पण त्या प्रकरणातल्या इटालियन कंपनीच्या समूहातलीच एक कंपनी आपल्या पाणबुड्यांसाठी पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, देणार होती. २०१६ मध्ये त्या ९८ पाणतीरांची खरेदी गुंडाळली गेली. माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पीन पाणबुड्या बनत राहिल्या. २०१७ च्या डिसेंबरात ‘कलवरी’ नौदलात आली, जानेवारी २०२५ मध्ये सहावी ‘वागशीर’ मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. आपण दिवसभर थेट प्रक्षेपण केलंत, ड्रोनमधून घेतलेली दृश्यं खरंच सुंदर होती. सहा नव्या पाणबुड्या, आणि त्यांच्यासाठी ठरवलेले पाणतीर नाहीत. जुन्या पिढीच्या पाणतीरांवर भागवायचं. त्यांच्यासाठी ४८ नव्या पाणतीरांचा करार झाला डिसेंबर २०२५ मध्ये, तोही एका इटालियन कंपनीशीच. ते येऊ लागतील २०२८ मध्ये. म्हणजे पहिल्या पाणबुडीनंतर दहा वर्षांनी.

मी असं मुळीच म्हणत नाही की भ्रष्टाचार झाकून ठेवा, लष्कराची गरज मोठी आहे. माझं म्हणणं उलट आहे. बातमी अर्ध्यात सोडू नका. लाच कुणी खाल्ली हे शोधलंत, छान. मग वर्षाने विचारा की तो माल आता कुठून येणार. दोषी माणसाला शिक्षा झाली का? आणि कंपनीवरच्या बंदीचा भार कोण वाहतंय? बहुतेक वेळा असं झालंय की खटला वीस-तीस वर्षं चालला, माणसं सुटली किंवा वारली, आणि शिक्षा भोगली ती तोफेमागच्या पोराने.

बारीकसारीक तक्रारी बऱ्याच आहेत, त्या भराभर सांगतो. ‘५२ कॅलिबर’ म्हणजे तोफेचं तोंड ५२ इंच किंवा ५२ मिलिमीटर नव्हे. नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट, म्हणजे १५५ मिलिमीटरच्या तोफेची नळी आठ मीटरच्या वर. पल्ला ४०० किलोमीटर म्हणजे ४०० किलोमीटरवरची प्रत्येक गोष्ट पडते असं नव्हे. खाली उडणारं विमान पृथ्वीच्या गोलाईआड जातं, रडारला ते दिसतच नाही. व्हिडीओ गेममधली दृश्यं युद्ध म्हणून दाखवू नका. आमच्या नातवंडांना तो गेम ओळखता येतो आणि ती हसतात. संरक्षणाचा अर्थसंकल्प सांगताना एकूण आकडा सांगून थांबू नका. २०२५-२६ चे ६ लाख ८१ हजार कोटी हा आकडा आपण नाचवलात. त्यातले भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी, आणि आम्हा पेन्शनवाल्यांसाठी १ लाख ६० हजार कोटी. माझं पेन्शन वेळेवर येतं, तक्रार नाही. पण आमच्या औषधाच्या गोळ्या रणगाड्यांच्या हिशेबात धरू नका.

आणि तज्ज्ञ. दर संध्याकाळी तीच पाच माणसं खिडक्यांत बसून ओरडतात. त्यांच्यातल्या काहींच्या हाताखाली मी काम केलंय, माणसं मोठी आहेत, पडद्यावर त्यांचं काय होतं देव जाणे. एखाद्या संध्याकाळी अंबाझरीतून निवृत्त झालेला फोर्जशॉपमधला कामगार बोलवा. ओझरचा फिटर बोलवा. माझगाव डॉकचा वेल्डर बोलवा. पाणबुडीच्या कवचाचा एक जोड करायला किती वेळ लागतो आणि तो किती वेळा तपासतात, हे त्याच्या तोंडून ऐका. तो ओरडणार नाही. टीआरपी कदाचित पडेल. एक दिवस पडू द्या.

शेवटची विनंती वहिनीच्या वतीने. तिने हे पत्र ऐकलं आणि म्हणाली, एवढं सगळं लिहिलंय, पण माझं लिहिलं नाही. तिचं असं आहे की पुढच्या वेळी असा प्रसंग आला, तर भोंगा वाजवू नका, कोणती तुकडी कुठे आहे ते नकाशावर लाल ठिपक्याने दाखवू नका, आणि जे माहीत नाही ते ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हणून सांगू नका. माहीत नसेल तर गाणी लावा म्हणाली. जुनी.

पुतण्याचा फोन आला तो शस्त्रसंधीच्या दुसऱ्या दिवशी, ११ मेला सकाळी सहाला. वहिनी चुलीपुढून धावत आली, हात राखेचा होता, फोन तसाच कानाला लावला. तो म्हणाला, “आई, ठीक आहे मी. झोपतोय आता.” आणि फोन ठेवला. बत्तीस सेकंद. मी नंतर तिच्या मोबाइलमध्ये बघितलं. चार दिवस आपण जितका वेळ बोललात, त्यात ही एकच बातमी आमच्या घराला हवी होती, आणि ती आपल्याकडे असणं शक्य नव्हतं, हे मला कळतं. म्हणूनच म्हणतो, जी असणं शक्य आहे तिच्यामागे लागा.

देवळालीच्या रेंजवर उद्या-परवा फायरिंग आहे, खिडक्यांच्या काचा वाजतील. इकडे कधी आलात तर चहाला या, नक्की.



आपला,
एक निवृत्त सुभेदार, तोफखाना
देवळाली कॅम्प
फेब्रुवारी २०२६

ता. क. : मेजर हे पद मी या पत्राने साभार परत करत आहे. त्या पट्टीत दुरुस्ती करता आली तर ‘सुभेदार’ एवढंच लिहावं. ‘संरक्षणतज्ज्ञ’ही काढावं. जागा उरली तर कोरेगाव तालुका लिहा.